साडेपाच मीटर साडी, चाळीस किलोमीटर रस्ता

लातूरच्या माणसाला डिवचायचं असलं की बाहेरगावचे लोक दोनच विषय काढतात. एक पाणी, दुसरा कपडे. पाण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. कपड्यांचं कारण 13 सप्टेंबर 2008 या तारखेत आहे. त्या संध्याकाळी दिल्लीत साखळी बॉम्बस्फोट झाले. देशाचे गृहमंत्री होते शिवराज पाटील चाकूरकर. टीव्हीवाल्यांनी मृतांच्या आकड्याबरोबर आणखी एक आकडा मोजला: गृहमंत्री त्या एका संध्याकाळी तीन वेगवेगळ्या पोशाखांत दिसले. पुढे मुंबईवर हल्ला झाला, 30 नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. ते लोकसभेचे अध्यक्ष होते, लातूरमधून सात वेळा खासदार झाले होते, हे सगळं मागे पडलं आणि लोकांच्या लक्षात राहिला तो बंद गळ्याचा कोट.

गंमत अशी की लातुरात या गोष्टीचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. ज्यांनी त्यांना नगराध्यक्ष असल्यापासून पाहिलं, त्यांना ते तसेच आठवतात. आजूबाजूला धूळ, समोर गर्दी, आणि साहेबांच्या बाहीला एक सुरकुती नाही. त्यांची ती आवड होती, कदाचित शिस्त होती. सुरक्षायंत्रणा कुठे कमी पडली हे सांगायला अहवाल वाचावे लागतात. कपडे किती बदलले हे सांगायला नुसते डोळे पुरतात. कामाच्या जागी घातलेल्या कपड्यांचं बरंचसं राजकारण या सोयीतून येतं. काम दिसायला वेळ लागतो, शर्ट लगेच दिसतो.

मी वाढलो नांदेडला, सफारीच्या काळात. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यांच्याकडे तीन सफारी होत्या: राखाडी, चॉकलेटी आणि एक मेंदी रंगाची, जी फक्त साहेब दौऱ्यावर येणार असतील तेव्हा बाहेर निघे. टेरिकॉटचं कापड, अर्ध्या बाह्या, पोटावर दोन मोठे खिसे. एका खिशात चष्म्याचं घर, दुसऱ्यात अडकित्ता. आज सफारी म्हटलं की लोक हसतात. पण मराठवाड्यातल्या नोकरदारासाठी त्याहून शहाणा कपडा झाला नाही, असं माझं मत आहे. रात्री धुऊन दोरीवर टाकली की पहाटे वाळलेली. इस्त्री असली तर ठीक, नसली तरी कळत नसे. शर्ट खोचायची भानगड नाही, म्हणून पोट सुटलं तरी अब्रू शाबूत. आणि मळखाऊ. हा शब्द मराठीत आहे याचं मला फार कौतुक वाटतं. कपड्याच्या दुकानात आई रंग बघायची नाही, आधी विचारायची, मळखाऊ आहे का?

मळखाऊपणाची खरी परीक्षा 2016 मध्ये झाली. 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात लातुरात कामाला जाताना काय घालायचं हा आवडीचा प्रश्न उरला नव्हता. पांढरा शर्ट म्हणजे चैन. एक शर्ट दोन दिवस, पँट चार-पाच दिवस. ज्यांना धुणं बाहेर देणं परवडत होतं, त्यांनी दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडे कपड्यांची बोचकी पाठवली. गडद रंगाला त्या वर्षी जी प्रतिष्ठा आली, ती कुठल्या फॅशनने आणली नव्हती.

आता त्याच्या शेजारी मुंबईचा कागद ठेवून बघा. 8 डिसेंबर 2020 रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने परिपत्रक काढलं. मंत्रालयापासून सगळ्या सरकारी कार्यालयांपर्यंत कुणी काय घालावं ते त्यात होतं. महिलांनी साडी, सलवार किंवा चुडीदार कुर्ता, नाहीतर ट्राउझरवर कुर्ता वा शर्ट, गरज वाटल्यास दुपट्टा. पुरुषांनी शर्ट आणि पँट. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीकामाचे वा चित्रांचे कपडे नकोत. जीन्स नको, टी-शर्ट नको, स्लीपर नको. कपडे नीट नसले की कर्मचाऱ्याची छाप चांगली पडत नाही आणि कामावरही परिणाम होतो, अशी त्यामागची भूमिका होती. कंत्राटी आणि सल्लागार मंडळी नीट पोशाख करत नाहीत, असा त्यात खास उल्लेखही होता.

गडद रंग नको म्हणजे मळखाऊ नको. मंत्रालयाच्या वातानुकूलित सहाव्या मजल्यावर हे जमतं. उमरग्याच्या बसला लोंबकळत औशाला उतरणाऱ्या तलाठ्याने फिकट शर्ट दुपारपर्यंत फिकट कसा ठेवायचा, हे परिपत्रकात नव्हतं.

जीन्सवरची बंदी फार टिकली नाही. 2021 च्या मार्चमध्ये सरकारने ती मागे घेतली, टी-शर्टवरची ठेवली. मला त्या बंदीचीच मौज वाटली होती. जीन्स हा मुळात कामाचाच कपडा. जेकब डेव्हिस नावाचा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस नावाचा कापडव्यापारी यांनी 20 मे 1873 ला अमेरिकेत पेटंट घेतलं ते मजुरांच्या पँटचे खिसे फाटू नयेत म्हणून तांब्याच्या रिबिटी मारण्याचं. दीडशे वर्षांनी तीच पँट कामाला योग्य नाही असं ठरवायला निघालो आपण. नांदेडच्या तरुण ग्रामसेवकाला जीन्स का आवडते हे विचारलं तर तो फॅशन सांगत नाही. मोटारसायकलवर गुडघे घासत नाहीत, आठवडाभर धुवावी लागत नाही, इस्त्रीचे पैसे वाचतात. म्हणजे माझ्या वडिलांनी सफारीबद्दल जी कारणं दिली असती, अगदी तीच.

चपलांचं कलम तर वाचण्यासारखं. महिलांना चप्पल, सँडल, बूट चालतील. पुरुषांना बूट किंवा सँडल. म्हणजे कोल्हापुरी घालून पुरुषाने कचेरीत जावं की नाही? त्याच कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जून 2025 मध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तशाच चपला घालून पोरं चालली. रॅम्पवर चालते, रेकॉर्डरूममध्ये चालत नाही. एका कार्यालयात (नाव कशाला) मला स्वतःला दारातच पायांकडे बघून विचारण्यात आलं होतं, लग्नाला निघालात का? मे महिना होता. बुटात पाय शिजतात हो, एवढंच म्हणालो.

याच परिपत्रकात एक ओळ अशी होती की तिचं लातूर-नांदेडने खरं तर मिरवून स्वागत करायला हवं होतं. आठवड्यातून किमान एकदा, शुक्रवारी, खादी घालावी. आता भारताचा राष्ट्रध्वज ज्या मोजक्या ठिकाणी खादीचा तयार होतो, त्यातलं एक नांदेड आहे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं केंद्र इथे आहे, आणि त्या ध्वजाचं कापड विणलं जातं लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला. या दोन जिल्ह्यांइतकं खादीशी जवळचं नातं सांगणारे जिल्हे महाराष्ट्रात फार नसतील. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ नांदेडला, हैदराबाद मुक्तिसंग्रामातली खादीधारी पिढी इथल्या घराघरांतली. आणि तरी शुक्रवारी कचेऱ्यांमध्ये फिरून बघा. खादी शोधावी लागते.

कारण विचारलं की लोक गुळमुळीत बोलतात, पण गोष्ट साधी आहे. खादी धुतली की चुरगळते, कडक राहायला कांजी आणि इस्त्री लागते, आणि पांढरी खादी अंगावर चढली की माणूस कर्मचारी वाटेनासा होतो, कार्यकर्ता वाटायला लागतो. मराठवाड्यात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट हा एका विशिष्ट व्यवसायाचा गणवेश आहे. त्या व्यवसायातली खादीही आता बरीचशी लिननची झाली आहे, तो भाग वेगळा. ग्रामपंचायत निवडणूक जवळ आली की गावात पांढरे शर्ट किती वाढले यावरून इच्छुक मोजता येतात. अशा वातावरणात लिपिकाने शुक्रवारी पांढरी खादी घातली तर शेजारच्या टेबलावरून आवाज येणारच, कोणत्या गटात गेलात?

ज्या विणकरांचा या कापडावर संसार, त्यांना शुक्रवारच्या ओळीने किती दिलं ते सांगणं अवघड आहे, पण दुसऱ्या एका ओळीने काय घेतलं ते दिसतं. 30 डिसेंबर 2021 ला ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर बनलेला, पॉलिएस्टरचा झेंडाही चालेल असं ठरलं. पुढच्याच वर्षी घरोघरी तिरंगा लागला तो बहुतेक पॉलिएस्टरचा. कर्मचाऱ्याने खादी घालावी आणि झेंडा पॉलिएस्टरचा चालेल, हे दोन कागद एकमेकांना कधी भेटले नसावेत.

यानंतर पाळी आली शिक्षकांची. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने शाळेतल्या शिक्षकांचा पोशाख ठरवला. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. शिक्षकांनी फिकट शर्ट, गडद पँट, आणि शर्ट खोचलेला. जीन्स, टी-शर्ट, नक्षी, चित्रं नकोत. त्यातच शिक्षकांच्या नावामागे डॉक्टरांसारखी ‘टी’ ही उपाधी लावायची सूचना होती. संघटनांनी कुरकुर केली. मला त्यातला ‘खोचलेला’ हा शब्द आवडला. जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजी दिवसभरात पोरांबरोबर खाली बसतो, खिचडीचा हिशेब लिहितो, तुंबलेला नळ काढतो, कुणाची तरी सायकलची चेन बसवतो. खोचलेला शर्ट पहिल्या तासालाच बाहेर आलेला असतो, आणि तो बाहेर आला म्हणजे गुरुजी काम करतोय, असं खुशाल समजावं.

पण पोशाखाची खरी लढाई शिक्षिकांची आहे, आणि ती कुठल्याही शासन निर्णयाच्या आधीपासून चालू आहे. कागदावर साडी आणि सलवार-कुर्ता दोन्ही चालतं. गावात चालतं का, हा वेगळा प्रश्न. नांदेडहून रोज सकाळी लोहा, मुखेड, भोकर, हदगावकडे शेकडो बाया निघतात. कुणी एसटीने, कुणी चौघींत मिळून केलेल्या जीपने, कुणी स्कूटीवर. साडेपाच मीटर साडी आणि चाळीस किलोमीटर रस्ता. साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून कमरेला गच्च खोचायचा, निऱ्यांना दोन पिना जास्त, वरून सनकोट, तोंडाला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत हातमोजे. मार्च ते जून रस्त्यावर ज्या बाया दिसतात, त्यांच्यात शिक्षिका कोण, नर्स कोण, बँकेतली कोण, हे ओळखू येत नाही. सगळ्यांचा एकच गणवेश, कुणी न ठरवलेला. तो त्यांना आवडतो का? ऊन लागत नाही आणि रस्त्यावर कुणी ओळखत नाही. ही दोन्ही सुखं लहान नाहीत.

मग शाळेच्या अलीकडे, वडाखाली किंवा टपरीच्या मागे, स्कूटी थांबते. स्कार्फ सुटतो, सनकोट डिकीत जातो, पदर सोडून खांद्यावर येतो. सलवार-कुर्ता घालून आलेली असेल तर ओढणी दोन्ही खांद्यांवर पसरून पिनअप होते. केस बांधले जातात. पाच मिनिटांत मॅडम तयार. या पाच मिनिटांची नोंद कुठल्या हजेरीपटावर नसते. जुन्या शिक्षिका सांगतात की नव्वदच्या दशकात पहिल्यांदा ड्रेस घालून शाळेत जायला निघालेल्यांना सरपंचांपासून सासूपर्यंत सगळ्यांची परवानगी लागली होती, आणि त्यात सासू लवकर मानली. स्कूटीवरून पडलेली सून तिने पाहिली होती.

साडी हवी म्हणणाऱ्यांनी शाळेचं शौचालय एकदा बघून यावं. ओली फरशी, कडी नसलेलं दार, कोपऱ्यात अर्धी बादली. तिथे साडी सांभाळण्यापेक्षा दुपारपर्यंत पाणीच न पिणं कितीतरी जणी पसंत करतात. केरळात हा वाद सरकारपर्यंत गेला, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये तिथल्या उच्च शिक्षण विभागाला आदेश काढावा लागला की साडीची सक्ती कुठलीही संस्था करू शकत नाही. आपल्याकडे सक्ती कागदावर नाहीच, त्यामुळे ती काढणार कशी?

म्हणून साडी कुणाला आवडत नाही असं समजू नये. हळदीकुंकवाच्या महिन्यात, पालकमेळाव्याला, निरोपसमारंभाला कपाटातून इरकल निघते, नारायणपेठ निघते. एका मुख्याध्यापिकेने मला मिश्कीलपणे सांगितलं, साडी नेसलेल्या दिवशी अधिकारी बसा म्हणतात. तिने त्या दिवसासाठी साड्या वेगळ्या ठेवल्या आहेत. आवड आणि डावपेच यांची शिवण कुठे आहे ते कधीकधी नेसणारीलाही सांगता येत नाही.

कोर्टातला मामला निराळा. तिथे आवडीला वावच नाही असं वाटतं, म्हणून नियम वाचायला घेतला तर उलटंच निघालं. अधिवक्ता अधिनियम 1961 खालच्या बार कौन्सिलच्या नियमांत काळा कोट आणि पांढरे बँड्स आहेत, पण चपकन, अचकन, शेरवानीही आहे. खाली पँटऐवजी धोतर चालतं. जीन्स मात्र तिथेही नको. म्हणजे कुणी वकील उद्या लातूरच्या जिल्हा न्यायालयात काळी शेरवानी आणि धोतर घालून उभा राहिला तर कायद्याने तो बरोबर आहे. निजामाच्या राज्यात शेरवानी आणि रूमी टोपी हा दरबारी व कचेरीतला रुबाब होता. नांदेडच्या जुन्या घरांत भिंतीवरच्या फोटोंतून तो अजून आपल्याकडे बघतो. पण आज ती हिंमत कुणी करत नाही. आणखी एक कलम आहे: सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतरत्र उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. नांदेडला मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. तरी वकील कोट घालतात, निदान दंडावर टाकून फिरतात. पक्षकार खेड्यातून येतो, त्याला वकील ओळखायचा असतो. कोट नसलेल्याकडे तो फी देताना दोनदा बघतो, असं बाररूममधलं अनुभवसिद्ध ज्ञान आहे. नियमाने सूट दिली, गिऱ्हाइकाने नाही दिली.

जपानने 2005 मध्ये उन्हाळ्यासाठी ‘कूल बिझ’ सुरू केलं. कचेरीतला एसी अठ्ठावीस अंशांवर ठेवायचा आणि टाय-कोट काढून यायचं, ही सरकारची मोहीम होती. आपल्याकडे मे 2024 मध्ये सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेने सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून या असं आपल्या प्रयोगशाळांना सुचवलं. एका जोडाच्या इस्त्रीला दोनशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असा त्यांचा हिशेब. आमच्याकडे भारनियमनाच्या काळात असे कितीतरी सोमवार आम्ही पाळले, फक्त त्याला मोहीम म्हणायचं सुचलं नाही.

नांदेडमध्ये एक पोशाख असा आहे ज्याबद्दल कुणी परिपत्रक काढत नाही. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून सकाळी बँकेत, दुकानात, कचेरीत निघणारे शीख. कित्येक पिढ्या इथेच वाढलेले, मराठी आपल्यापेक्षा ठसक्यात बोलणारे. दस्तार, म्हणजे पगडी, हा त्यांच्या श्रद्धेचा भाग, त्यात पर्याय नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नेही पगडी बांधलेल्या शिखाला हेल्मेटमधून सूट दिली आहे. पण रंग? तिथे हौसच हौस. शर्टाला जुळणारी, टायला जुळणारी, लग्नसराईत गुलाबी. जे बदलता येत नाही त्याच्या आतच माणूस आपली आवड कशी कोरून घेतो, हे तिथे पाहावं.

तसंच एसटीचं. खाकी कुणी निवडलेली नाही. जानेवारी 2018 मध्ये महामंडळाने निफ्ट या फॅशन संस्थेकडून डिझाइन करून घेतलेला तयार गणवेश वाजतगाजत आणला, तेव्हा मापांच्याच तक्रारी जास्त झाल्या. मराठवाड्यातला कंडक्टर आपली आवड कॉलरच्या आत दुमडून ठेवतो: रुमाल. कुणाचा पांढरा, कुणाचा चौकडीचा, एखाद्याचा बायकोने कडेला दोरा घालून दिलेला.

लातूरच्या शिकवणीवाल्यांवर स्वतंत्र लेख होईल. औसा रोडवरून, अंबाजोगाई रोडवरून जाताना वर बघितलं की प्रत्येक होर्डिंगवर सर ब्लेझरमध्ये, हाताची घडी घालून. भौतिकशास्त्राचे सर, रसायनशास्त्राचे सर, सगळ्यांचा ब्लेझर जणू एकाच शिंप्याने एकाच दिवशी शिवलेला. वर्गात तेच सर क्लासचं नाव छापलेल्या टी-शर्टमध्ये घामाघूम. पोरं त्यांना त्या टी-शर्टमध्येच ओळखतात. ब्लेझर पालकांसाठी आहे.

आणि आता ज्यांना कुणी पोशाख ठरवून दिलेला नाही, त्यांच्याकडे. दिवाळीच्या आसपास नांदेड जिल्ह्यात कापूस फुटतो, त्याच सुमारास लातुरात सोयाबीनची रास चाललेली असते. सोयाबीनची शेंग वाळली की टोकाला सुईसारखी. कापसाचं बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्या बोटं ओरबाडतात. शेतात बाया दिसतात त्या लुगड्यावर किंवा साडीवर नवऱ्याचा, भावाचा, पोराचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालून. बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बाह्या मनगटावर बंद, डोक्याला रुमाल, कमरेला ओटी बांधलेली कापूस टाकायला. पुरुषाचा शर्ट का, असं विचारलं तर हसतात. खिसा असतोय की, एक जण म्हणाली. तंबाखूची पुडी, मोबाईल, मुकादमाने दिलेली चिठ्ठी, सगळं त्यात. साडेपाच मीटर कापडात जो एक खिसा कुणी दिला नाही, तो तिने दुसऱ्याच्या शर्टातून मिळवला.

मराठवाड्यात कामाचा याहून नेमका पोशाख मी पाहिलेला नाही. ऊन, काटा, धूळ, खिसा, सगळ्याचा विचार झालेला, आणि खर्च शून्य.

मागच्या कार्तिकात लोह्याच्या पुढच्या रस्त्यावर संध्याकाळी पाच-सहा बायांचा घोळका गावाकडे चालला होता. कापूस वेचून परत. वेस दिसायला लागली तशा त्या थांबल्या. एकीने बटणं सोडली, मग दुसरीने. शर्ट काढून, झटकून, घडी करून गाठोड्यात गेले. पदर नीट झाले. एक म्हातारी तशीच शर्टात पुढे निघाली होती, तिला मागून हाक आली, ओ मामी, शर्ट! तिने मागे वळून पाहिलं, हात हलवला आणि वरच्या खिशातून तंबाखू काढत ती तशीच गावात शिरली.